माउसची काय चूक?



आमच्या शाळेतल्या संगणकाचा बिनवायरचा माउस बिघडला, म्हणून पालकसभेत नव्या माउससाठी वर्गणी काढायचे ठरले आहे. माझे मत असे की वर्गणी काढू नये. माउस बिघडलेला नाहीच मुळी!

आधी आळ माझ्यावर आला. माउसची पेटी मीच वर्गात आणते ना, म्हणून "हिनेच पाडला असणार" असे सगळ्यांनी ठरवून टाकले. त्या दिवशी मला घरी जेवण गेले नाही. सेल दोनदा बदलले, तरी पडद्यावरचा बाण अडकायचा तो अडकतच होता. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाण रोज अडकत नाही. गुरुजी चित्रफितींची हार्डडिस्क लावतात तेव्हाच अडकतो. मी भीत भीत गुरुजींना म्हटलं, आपण लावून-काढून बघूया का? पाच वेळा लावली. पाचही वेळा तेच झाले.

कारण असे आहे. माउस आपले म्हणणे रेडिओलहरींनी सांगतो. ते ऐकणारा नखाएवढा रिसीव्हर संगणकाच्या मागे खोचलेला असतो. या लहरी सेकंदाला सुमारे 240 कोटी वेळा कंप पावतात. शेजारच्याच खाचेत यूएसबी 3 ची डिस्क. ती चालू झाली की तिच्या वायरीतून आणि जोडणीतून नेमका त्याच पट्टीतला गोंगाट बाहेर सांडतो. इंटेल कंपनीने हे 2012 सालीच लिहून ठेवले आहे. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा टाळ-मृदंगाला चिकटून उभे राहिले तर आईची हाक ऐकू येते का? म्हणून आई मुकी झाली असे कुणी म्हणत नाही.

पुणे जिल्ह्यात खोडदला 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, एकेक तबकडी 45 मीटर व्यासाची. ती मुद्दाम शहरांच्या गोंगाटापासून लांब बांधली, आणि तिथे मोबाईल बंद ठेवायला लावतात. एवढे मोठे शास्त्रज्ञ जागा बघतात, आणि आपण मात्र दोन्ही वस्तू शेजारी शेजारी खोचतो.

काहीजण म्हणतात, वायरचा माउस घ्या, कटकटच नको. कटकट मिटेल, खरे आहे. पण पैसे जातीलच की! आणि माझ्यावरचा आळ तसाच राहील.

गुरुजींनी घरून हातभर लांबीची यूएसबी जोडवायर आणली. रिसीव्हर तिच्या टोकाला लावून डिस्कपासून लांब, टेबलाच्या पुढच्या कडेला ठेवला. शनिवारी अख्खी चित्रफीत पाहिली, बाण एकदाही अडकला नाही. ज्यांनी माझे नाव घेतले होते तेही पुढेच बसले होते.

ती वायर गुरुजींना परत द्यायची आहे. कुणा पालकांच्या घरी तसली वायर पडून असेल तर तेवढी शाळेत पाठवा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 7 वी