डिजिटल प्रती निघतील, शीतकोठारांचे काय?

जुन्या चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये ३६३ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा चित्रपटसृष्टीने समाधान व्यक्त करणे स्वाभाविक होते. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २२०० चित्रपटांना नवी झळाळी देण्याचा संकल्प त्या वेळी जाहीर झाला. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या दृष्टीने ही मोठीच घटना होती. मात्र, या उत्साहात एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. डिजिटल प्रत निघाल्यावर मूळ फिल्मचे काय? तिचे आयुष्य संगणकावर नव्हे, तर कोठारातील तापमान आणि हवेतील दमटपणा यांवर ठरते.

या बाबतीत आपली झोळी आधीच फाटकी आहे. देशात तयार झालेल्या सुमारे १३०० मूकपटांपैकी जेमतेम तीस आज शिल्लक आहेत आणि त्यांतले अनेक तुकड्यांच्याच स्वरूपात. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळातील नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशा रिळांच्या कोठाराला आग लागली आणि मोठा साठा भस्मसात झाला.

नायट्रेटला पर्याय म्हणून आलेली ॲसिटेट फिल्म आगीच्या दृष्टीने सुरक्षित होती. पण उष्ण आणि दमट हवेत तीही टिकत नाही. तिचे हळूहळू विघटन होऊन ॲसिटिक आम्ल तयार होते, डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट दर्प येऊ लागतो, फिल्म आकसते आणि ठिसूळ होते. सुटलेले आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते आणि शेजारच्या रिळांनाही बाधते. या रोगाची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे पोहोचली ती भारत सरकारकडून, हे विशेष. ही फिल्म बाजारात येऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. समशीतोष्ण देशांना उशिरा उमगलेले संकट आपल्या हवामानाने असे आधीच दाखवून दिले होते.

यावर उपाय एकच आणि तो म्हणजे थंडावा. २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना नव्या ॲसिटेट फिल्मला या रोगाची लागण होण्यास सुमारे ४० वर्षे लागतात, असा अमेरिकेतील इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटचा निष्कर्ष आहे. मुंबईतील साध्या खोलीत हा अवधी किती घटत असेल, याची कल्पना करता येते. रंगीत फिल्मचे रंग तर अंधारातही उडतात. तिच्या दीर्घकालीन जतनासाठी २ अंश तापमान आणि २० ते ३० टक्के आर्द्रता हा आंतरराष्ट्रीय मानकाचा एक पर्याय आहे. थंडीची किमया निसर्गानेही दाखविली आहे. कॅनडातील डॉसन सिटी येथे १९२९ साली गाडली गेलेली पाचशेहून अधिक नायट्रेट रिळे १९७८ मध्ये गोठलेल्या जमिनीतून बाहेर आली आणि हरवलेले अनेक मूकपट पुन्हा हाती लागले. अमेरिकेतील प्रसिद्ध बेटमन छायाचित्रसंग्रह या शतकाच्या आरंभी पेनसिल्व्हेनियातील चुनखडीच्या जुन्या खाणीत हलविण्यात आला, तो उणे २० अंशांची व्यवस्था करूनच.

अर्थात, वातानुकूलन यंत्र बसविले म्हणजे काम झाले असे नव्हे. आर्द्रतेवर नियंत्रण नसेल तर नुसती थंडी बुरशीलाच आमंत्रण देते. वीज जाऊन तापमान वारंवार वर-खाली झाले, तर थंड रिळांवर दव साचते. म्हणूनच गोठणबिंदूच्या आसपास ठेवलेली रिळे हवाबंद वेष्टनात असावी लागतात आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती उघडायची नसतात. घरच्या फ्रिजमध्ये निगेटिव्ह ठेवणाऱ्या छायाचित्रकारालाही हाच नियम लागू पडतो. शिवाय, कोणत्या रिळांना आम्लाची बाधा झाली आहे हे रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांनी नियमितपणे तपासून ती वेगळी काढावी लागतात.

खरी अडचण येथेच आहे. पुनरुज्जीवनाचा खर्च एकदाच होतो आणि त्याचे फलित महोत्सवाच्या पडद्यावर झळकते. शीतकोठाराचा खर्च मात्र दर महिन्याचा असतो. वीजबिल, जनित्र, देखभाल आणि प्रशिक्षित कर्मचारी या बाबींचे उद्घाटन होत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात कात्री प्रथम त्यांच्यावरच चालते. डिजिटल प्रत हा त्यावरचा तोडगा नाही. तीही काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवून घ्यावी लागते, आणि उद्या अधिक सरस तंत्र आले तर पुन्हा मूळ निगेटिव्हकडेच वळावे लागेल. मार्च २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्याने ही जबाबदारी आता महामंडळाची आहे. शीतकोठारांसाठी स्वतंत्र, कायमस्वरूपी तरतूद करणे हे तिचे पहिले पाऊल ठरावे. अन्यथा उजळलेल्या प्रती हाती राहतील आणि त्यांचे मूळ डब्यातच आंबून जाईल.