डाळीवरचा आरोप



मागील अंकातील सांधेदुखीवरच्या लेखाने सर्वच रुग्णांना एक पथ्य लावले : डाळ, पालक, दही बंद. हे पटण्यासारखे नाही.

गाउटमध्ये युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात, पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद सुजतो. हे ॲसिड प्युरिनपासून बनते आणि डाळीत प्युरिन असते, म्हणून डाळ वर्ज्य, असा हा तर्क. पण अमेरिकेत ४७,१५० पुरुषांची १२ वर्षे पाहणी झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मांस-मासळी जास्त खाणाऱ्यांचा धोका वाढलेला दिसला. प्युरिनयुक्त भाज्या व कडधान्यांनी तो वाढला नाही. कमी स्निग्धांशाच्या दुधादह्याने तर घटला.

शाकाहारी घरात डाळही काढली, तर ताटात प्रथिने उरतात किती? साठीच्या बाईचे स्नायू त्याने आणखी झिजतात, आणि गुडघ्याला आधार त्या स्नायूंचाच.

गुडघ्याच्या झिजेत प्रश्न मुख्यतः वजनाचा. एक किलो घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ च्या एका अभ्यासात आढळले.

आमवाताची गोष्ट वेगळी. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. आहार साथ देतो, पण मेथोट्रेक्झेटसारख्या औषधाची जागा घेत नाही. लेखात या औषधांचा उल्लेखही नाही. पुढील अंकात तो अवश्य यावा.

– एक वाचक, पुणे