सहा षटकांचा आरोपी

२५ जून २०२५ ची सकाळ. आदल्या रात्री लीड्सच्या मैदानावर भारत इंग्लंडकडून हरला होता, आणि सकाळी सातच्या सुमारास आमच्या कोळगावात, पालघर-बोईसर रस्त्याच्या कडेच्या चहाच्या टपरीवर, एका माणसाला फाशी दिली जात होती.

आरोपी अर्थातच हजर नव्हता. नाव शार्दुल ठाकूर, राहणार पालघर, धंदा क्रिकेट. न्यायाधीश, वकील, साक्षीदार आणि मांग या चारही भूमिका टपरीवरचे तेच सातआठ जण आळीपाळीने वठवीत होते. त्यांतले निदान तिघे असे, की ज्यांनी जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या विजयानंतर स्वतःच्या खिशातले पैसे काढून फटाके आणले होते. पण फटाक्यांची राख पावसाबरोबर वाहून जाते, आणि माणसांची आठवणही बहुधा त्याच गटारातून जात असावी.

“पहिल्या डावात एक, दुसऱ्यात चार! पाच धावांसाठी एवढ्या लांब न्यायचा होता?”

“आणि गोलंदाजी? सहा षटकांत अडतीस. बळी शून्य!”

“मी सांगतो काय ते,” वयाने सगळ्यांत वडील असलेले एक गृहस्थ कप खाली ठेवीत म्हणाले, “एक ना धड, भाराभर चिंध्या!”

निकाल लागला. मंडळी समाधानाने हसली. तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून परतलेला, डोळे तांबारलेला एक पस्तिशीचा माणूस इतका वेळ गुपचूप चहा पीत बसला होता. तो मला म्हणाला, “अण्णा, शंभर षटकं झाली ना त्या डावात? मग याला सहाच का दिली?”

कुणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. हा माणूस कोण, आणि त्याचा प्रश्न मला का बोचला, ते पुढे येईलच. आधी त्या निकालाचा समाचार घेऊ.

त्या कसोटीत काय घडले ते आठवून पाहा. भारताने त्या सामन्यात पाच शतके काढली. एका संघाने पाच शतके करावीत आणि तरीही कसोटी हरावी, असे कसोटीच्या साऱ्या इतिहासात त्यापूर्वी घडले नव्हते. पहिल्या डावात ३ बाद ४३० वरून सर्वबाद ४७१. म्हणजे सात गडी ४१ धावांत. दुसऱ्या डावात ४ बाद ३३३ वरून सर्वबाद ३६४. म्हणजे सहा गडी ३१ धावांत. मधल्या वेळात झेल एकामागून एक जमिनीवर पडत होते. इंग्लंडने ३७१ धावांचे लक्ष्य पाच गडी गमावून पार केले. या एवढ्या मोठ्या पडझडीत ठाकुराचा वाटा नव्हता असे मी मुळीच म्हणत नाही. एक आणि चार या धावा काही भूषणावह नाहीत, आणि त्या वाईट फटक्यांचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. पण इंग्लंडचा पहिला डाव चालला १०० षटके आणि ४ चेंडू. त्यांतली ठाकुराच्या वाट्याला आली ६. दुसऱ्या डावात मिळाली १०, आणि त्या दहांत त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन गडी उचलले. पहिला डकेट, जो १४९ धावा करून सामना घेऊनच चालला होता. दुसरा ब्रूक, ज्याला त्याने भोपळाही फोडू दिला नाही. त्या क्षणी टपरीवरची हीच मंडळी घराघरांत उठून उभी राहिली असतील. पण सकाळी साक्षीला हे दोन बळी कुणी बोलावलेच नाहीत!

पुढची कथा आणखी गमतीची आहे. बर्मिंगहॅमच्या कसोटीत त्याला वगळले. त्याच्या जागी आलेल्या नितीशकुमार रेड्डीने दोन्ही डावांत मिळून दोन धावा केल्या. ठाकुराच्या पाच, याच्या दोन! परंतु बर्मिंगहॅमला भारत ३३६ धावांनी जिंकला, म्हणून त्या दोन धावांबद्दल आमच्या नाक्यावर चकार शब्द निघाला नाही. रेड्डी गुणी पोरगा आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण या तराजूशी आहे. जिंकलो की माप वेगळे, हरलो की वेगळे, आणि दोन्ही वेळा वजन करायचे ते सातव्या-आठव्या क्रमांकावरच्या माणसाचे!

मँचेस्टरला रेड्डी जायबंदी झाला म्हणून ठाकूर परत आला. ८८ चेंडू खेळून त्याने ४१ धावा केल्या. गोलंदाजीत इंग्लंडचा डाव १५७ षटके चालला, त्यांत त्याला ११ मिळाली. शेवटच्या ओव्हलच्या कसोटीत पुन्हा बाहेर. तीन डावांत मिळून इंग्लंडला जवळजवळ ३४० षटके टाकली गेली, त्यांतली ठाकुराची २७. बारा तासांत एक तास ज्याला नांगर हाती दिला, त्याला सायंकाळी विचारायचे की शेत का नांगरले नाहीस? हा कुठला न्याय, वाचकहो?

कोणी म्हणेल, कर्णधाराचा विश्वास नसेल म्हणून षटके दिली नाहीत. अगदी कबूल! मग विश्वास नसलेला माणूस अकरांत घेतला कुणी? घ्यायचा तो फलंदाजी लांबवण्यासाठी, ठेवायचा तो चौथा वेगवान गोलंदाज म्हणून, आणि हिशेब मागायचा तो दोन पूर्ण माणसांचा. अर्ध्या पगाराच्या दोन नोकऱ्या एकाच्या गळ्यात बांधायच्या आणि दोन्हीकडून पूर्ण कामाची पावती मागायची, असा हा प्रकार आहे. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी ‘अष्टपैलू’ हा भपकेबाज शब्द असतो. माझ्या मते शंभर अष्टपैलूंपैकी नव्वद हे लग्नघरातल्या भाच्यासारखे असतात. पाण्याचे पिंप त्याने भरायचे, पंगतीत वाढायला तोच, आहेराची पाकिटे सांभाळायलाही तोच; नवरदेवाच्या फोटोत मात्र तो कुठेच नाही. आणि आमटी कमी पडली की सारे घर ओरडते, “अरे तो भाचा कुठे गेला?”

हा रोग फक्त आमच्या कोळगावचा आहे असेही नव्हे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो चेंडू हातात घेऊन पळण्याचा धसमुसळा खेळ. त्यात ‘टाइट एंड’ नावाची एक जागा असते. या गड्याने कधी भिंतीसारखे उभे राहून प्रतिपक्षाचा दणका अंगावर घ्यायचा, तर कधी त्याच भिंतीतून सुटून पळत जाऊन चेंडू झेलायचा. पहिल्या कामाची नोंद धावफलकावर जवळजवळ होतच नाही. दुसऱ्या कामाची होते, पण चेंडू त्याच्याकडे फेकायचा की नाही हे ठरवणार दुसराच. हंगाम वाईट गेला की तिथलेही प्रेक्षक आकडे काढून बसतात आणि म्हणतात, याने किती झेलले? किती फेकले गेले, हे विचारणारा तिथेही कोपऱ्यातच बसलेला असणार.

आता जुने उदाहरण घ्या. बापू नाडकर्णी म्हटले की लोकांना १९६४ ची मद्रास कसोटी आठवते: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा. त्यातल्या लागोपाठच्या २१ निर्धाव षटकांची कथा आम्ही नातवंडांना सांगतो. पण त्याच मालिकेत कानपूरला याच बापूंनी नाबाद ५२ आणि नाबाद १२२ धावा केल्या, हे दहांतल्या किती जणांना ठाऊक आहे? एकनाथ सोलकरांचे तेच. २७ कसोटींत ५३ झेल, म्हणून आम्ही त्यांना झेलांच्या खुंटीला टांगून मोकळे झालो; १९७५ साली वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत त्यांनी वेस्ट इंडिजविरुद्ध शतक ठोकले होते, ते विसरलो. दोन कामे करणाऱ्या माणसाचे एक काम आम्ही नेहमीच खाऊन टाकतो. ही आमची जुनी खोड आहे.

ठाकुराच्या बाबतीत तर आम्ही दोन्ही खाल्ली आणि वर ‘लॉर्ड’ ही पदवी दिली. या पदवीत कौतुक किती आणि टवाळी किती, हे देणाऱ्यांनाच ठाऊक! ब्रिस्बेनला ६ बाद १८६ अशी अवस्था असताना वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी करून ६७ काढल्या आणि सामन्यात सात बळी घेतले, तर म्हणे नशीब. २०२१ च्या सप्टेंबरात ओव्हलला ३६ चेंडूंत ५७, दुसऱ्या डावात ६०, वर रूटचा त्रिफळा; तेही नशीब. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत सात बळी घेतले, पण तो सामना आपण हरलो, म्हणून ते नशीबही नाही. ते घडलेच नाही! आणि हे सगळे कुणी केले? तर २०१८ साली हैदराबादला ज्याचे कसोटी पदार्पण दहा चेंडूंत दुखापतीने संपले आणि दुसऱ्या कसोटीसाठी ज्याला दोन वर्षांहून अधिक थांबावे लागले, त्याने. त्याआधी २०१७ मध्ये एकदिवसीय सामन्यात दहा क्रमांकाचा सदरा घातला म्हणून साऱ्या देशाने त्याला धारेवर धरले होते. सदऱ्यावरून माणूस जोखणारे आपण, त्याच्या गोलंदाजीची समीक्षा करणार!

आता माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द ऐकवतो, नाहीतर ते पेढे घेऊन यायचे. “आपला म्हणून त्याला खेळवलाच पाहिजे” असा आरडाओरडा करणाऱ्या पालघरकरांशीही माझे जमत नाही. २०२५ च्या आयपीएलमध्ये त्याने षटकामागे अकराच्या घरात धावा दिल्या. ते झाकण्यात अर्थ नाही. आधीच्या लिलावात त्याला कोणी घेतले नव्हते आणि लखनौने आयत्या वेळी बदली म्हणून बोलावले, हेही खरे. त्याचा वेग मोठा नाही. चेंडू हलला नाही तर तो मार खातो. ही उणीव ब्रिस्बेनलाही होती. बोईसरच्या शाळेकडून खेळताना बोरिवलीच्या दिनेश लाडांनी त्याला हेरले आणि मुंबईच्या प्रवासापायी पोर वाया जाऊ नये म्हणून आपल्या घरी ठेवून घेतले, तेव्हा त्यांनी काही वेगमापक लावला नव्हता. त्यांनी पाहिले ते एवढेच, की हा मुलगा दोन्ही कामे मनापासून करतो.

आणि ती करण्याची मोकळीक मिळाली तर काय होते? २०२४-२५ चा रणजी हंगाम घ्या. मुंबईच्या दृष्टीने तो हंगाम निराशेचाच. बांद्र्याला जम्मू-काश्मीरने गतविजेत्या मुंबईला हरवले. रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस अशी नावे संघात असताना! त्या सामन्यात ठाकुराने ५१ आणि ११९ केल्या. पुढच्याच सामन्यात मेघालयाविरुद्ध हॅटट्रिक घेतली. प्रतिपक्षाची अवस्था दोन धावांत सहा गडी. मग ४२ चेंडूंत ८४. अखेर उपान्त्य फेरीत नागपूरला विदर्भाकडून मुंबई हरली. पण हंगामभरात याच्या नावावर पाचशेवर धावा आणि ३५ बळी होते. संघ हरला म्हणून या माणसाचा हंगाम वाईट ठरवायचा असेल, तर मग शेतकऱ्याचे पीक त्याच्या भाऊबंदांच्या बांधावरून मोजा! मुंबईने निदान हे ओळखले. २०२५-२६ साठी रणजी संघाचे नेतृत्व त्याच्याकडे दिले. कर्णधाराला आपली षटके आपणच ठरवता येतात.

आता त्या कोपऱ्यातल्या माणसाकडे येतो.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक क्रिकेट मंडळ होते. मी त्याचा गुणलेखक आणि निवड समितीचा एक सभासद. संघात एक मुलगा होता. सातव्या क्रमांकावर फलंदाजी करी, मध्येच चेंडू टाकी, सीमारेषेवर धावे, सामना संपला की चटई गुंडाळून खांद्यावर घेई. त्या वर्षी आम्ही एकामागून एक सामने हरलो. बैठक बसली. कुणाला तरी काढायला हवे होते. सलामीवीर सरपंचाचा पुतण्या, मुख्य गोलंदाजाची स्वतःची मोटारसायकल, जिच्यावर संघाचे सामान जाई. मग राहिला कोण? मी हात वर केला आणि म्हणालो, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” टपरीवरच्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी काढलेले शब्द माझेच होते. ते त्या बैठकीला हजर होते.

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या वर्षी तो कारखान्यात लागला.

२५ जूनच्या दुपारी मी माळ्यावरून जुनी गुणवही काढली. पानांना वाळवी लागली आहे, पण आकडे वाचता येतात. त्या हंगामातले आमचे नऊ सामने, प्रत्येक वीस षटकांचा. त्या मुलाला साऱ्या हंगामात मिळालेली षटके अकरा. फलंदाजीला तो सहा वेळा आला, त्यांतल्या चार वेळा डावाचे शेवटचे षटक चालू होते. हे सगळे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. मी तेव्हा दर सामन्याला बेरीज करीत होतो. त्याच्या रकान्याची बेरीज मात्र हंगामाअखेर केलेली नव्हती.

त्यानंतर तो मला टपरीवर दोनतीनदा भेटला. रात्रपाळी चालू आहे म्हणाला. ठाकुराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि गुणवही माझ्या पिशवीत होती तरी मी ती बाहेर काढली नाही.