पक्क्या रंगाचे पाणी

कापडाचा रंग ऊन, घाम आणि साबण यांना पुरून उरावा, अशीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. इचलकरंजीतल्या प्रोसेस हाउसमध्ये सुताला न चिकटलेला रंग मात्र धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो आणि तिथेही तितकाच चिवट राहतो. हे पाणी पुढे पंचगंगेच्या वाट्याला येते. नदीच्या दुखण्याला एकटा कापडधंदा जबाबदार नाही. कोल्हापूर-इचलकरंजीचे मैलापाणी आणि साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणीही तिच्यात येते. पण मैलापाणी जिवाणू सहज पचवतात, रंगाचे पाणी नाही. म्हणून ते शुद्ध करायला जिवाणूंवर विसंबायचे की पाण्यातून सोडलेल्या विजेवर, हा वाद खरा आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

जिवाणूंची बाजू आधी पाहू. कापडासाठी वापरले जाणारे बरेच रंग ॲझो गटातले असतात. दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध हा त्यांचा कणा. प्राणवायू नसलेल्या टाकीत जिवाणू तो बंध तोडतात आणि रंग नाहीसा होतो. मागे उरतात अॅरोमॅटिक अमाइन्स. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत, त्यामुळे पुढे हवा मारलेल्या दुसऱ्या टाकीत त्यांचा निकाल लावावाच लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रंग तोडणाऱ्या जिवाणूंवर अनेक वर्षे मोलाचे संशोधन झाले आहे. पण प्रयोगशाळेतल्या चंबूत एक ठरावीक रंग असतो. कारखान्यातून आज गडद निळा येतो, उद्या लाल, आणि सोबत रंगाईचे भरमसाट मीठ. अशा धक्क्याने टाकीतली वसाहत कोलमडली, तर ती सावरायला आठवडे लागतात.

विजेचे तसे नाही. बटण दाबले की काम सुरू. जिवाणूंना जाचणारे मीठ इथे उलट प्रवाह वाहून नेते. हिऱ्याचा थर दिलेल्या ॲनोडवर पाण्यापासूनच हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि त्यांच्यापुढे क्वचितच एखादा सेंद्रिय रेणू टिकतो. पण बिल पाहा. एकही अँपिअर वाया गेला नाही असे धरले, तरी एक किलो सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण जाळायला लागणाऱ्या प्राणवायूचे माप) पूर्ण जाळायला सुमारे ३,३५० अँपिअर-तास लागतात. पाच व्होल्टवर ते जवळपास १७ युनिट होतात. लिटरमागे १,५०० मिलिग्रॅम सीओडीचे पाणी नियमातल्या २५०वर आणायचे, तर दहा लाख लिटरला २१,००० युनिट. प्रत्यक्षात याहून जास्तच, कारण पाणी स्वच्छ होत जाते तसा प्रवाह अधिकाधिक वाया जातो. जिवाणूंना हवा पुरवून तेच काम किलोमागे एक-दीड युनिटात होते.

आणखी एक धोका मला बिलापेक्षा गंभीर वाटतो. पाण्यात साधे मीठ असेल, तर विजेने क्लोरीन आणि हायपोक्लोराइट तयार होते. रंग झपाट्याने उडतो, सीओडी मात्र फारसा उतरत नाही आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे नव्याने जन्माला येतात. हिऱ्याच्या ॲनोडवर परक्लोरेटही बनू शकते. म्हणजे दोन्ही पद्धतींत रंग सर्वांत आधी जातो आणि विष मागे राहू शकते. नदीच्या खालच्या अंगाला शिरोळ तालुक्यात राहणाऱ्या माणसाला नितळ पाणी दाखवून त्याची समजूत काढणे, ही फसवणूक ठरेल. प्रक्रिया केलेल्या निव्वळ पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत, ही कसोटी आपल्या नियमांत आहेच. सीओडीच्या आकड्याइतक्याच कडकपणे ती लावली पाहिजे.

सगळ्या पाण्याला वीज लावणे परवडणारे नाही आणि सगळे जिवाणूंवर सोपवणे भाबडेपणाचे आहे. रंगाच्या टबातले पहिले दाट पाणी आणि नंतरचे धुण्याचे पाणी यांच्या वाटा प्रोसेस हाउसमध्येच वेगळ्या कराव्यात. विजेचा उपचार फक्त दाट पाण्यावर करावा आणि तोही रेणू मोडेपर्यंतच. मोडलेले तुकडे जिवाणूंच्या टाकीत जाऊ द्यावेत. जिथे शक्य आहे, तिथे साध्या मिठाऐवजी सोडियम सल्फेट वापरले, तर क्लोरीनची डोकेदुखीही कमी होईल.

लहान प्रोसेसर म्हणेल, जुन्या शेडमध्ये दुसरी पाइपलाइन कुठून टाकू? त्याची अडचण खोटी नाही. २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तमिळनाडूतल्या तिरुपूरचे रंगाई कारखाने प्रदूषणापायी बंद झाले, तेव्हा मालकांबरोबर मजुरांच्या चुलीही विझल्या. ती वेळ इथे यायला नको. त्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्राची आकारणी लिटरवर न करता पाण्यातल्या सीओडीच्या आणि मिठाच्या भारावर व्हावी, आणि दाट पाणी वेगळे देणाऱ्याला दरात सवलत मिळावी. लिटरवरच पैसे मोजायचे असतील, तर दुसरी पाइपलाइन टाकण्याचे कोणालाही काही कारण उरत नाही.