न झालेल्या गोलाचे व्हाउचर

मँचेस्टर युनायटेडच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंची यादी करायला फुटबॉल कळावे लागत नाही. माझ्या मेहुण्यानेसुद्धा केली आहे, यावरून काय ते ओळखा. या गृहस्थाला ऑफसाइड म्हणजे मैदानाबाहेरची वडापावची गाडी वाटते. तरी त्याची यादी तयार आहे, आणि ती घेऊन तो रविवारी सकाळी आमच्याकडे येतो, पोहे खातो आणि मला फुटबॉल समजावून सांगतो. सोमवारी बँकेत जावे, तर तिथे लोन सेक्शनमधला तरुण पोरगा स्वतःची यादी मोबाइलमध्ये घेऊन डब्याच्या टेबलावर हजर. भाच्याची यादी तिसरी. ती दर मॅचनंतर बदलते, आपल्याकडच्या पेट्रोलच्या भावासारखी.

गंमत अशी की, या सगळ्या याद्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. जॉर्ज बेस्ट, बॉबी चार्लटन, डेनिस लॉ, एरिक काँटोना, रायन गिग्ज, रोनाल्डो, रूनी. क्रम खालीवर, माणसे तीच. म्हणजे कॅमेऱ्याचे तोंड ज्यांच्याकडे होते ती. याला यादी म्हणत नाहीत हो, याला बारशाचा फोटो म्हणतात. ज्याने पाळणा हलवला तो फोटोत, स्वयंपाकघरात बसून ज्यांनी चाळीस पानांचे जेवण रांधले त्या कुठेच नाहीत.

माझी यादी निराळी आहे. तीत पहिला क्रमांक डेनिस अर्विन.

इथे भाचा हसतो. मेहुणा "कोण?" म्हणतो. लोन सेक्शनच्या पोराला निदान नाव ठाऊक आहे, तो म्हणतो, "सर, तो लेफ्ट बॅक?" आणि आम्ही बँकेत ‘बुडीत कर्ज’ हे शब्द ज्या सुरात उच्चारतो, त्याच सुरात तो ‘लेफ्ट बॅक’ म्हणतो.

होय, लेफ्ट बॅक. आयर्लंडमधल्या कॉर्क गावचा. पहिली नोकरी लीड्स युनायटेडमध्ये. १९८६ साली लीड्सने त्याला फुकट सोडून दिले. एक पैसासुद्धा मागितला नाही. आपण रद्दीवाल्याकडूनही दोन रुपये जास्त मागून पाहतो! तिथून तो ओल्डहॅमला गेला आणि १९९० साली ६ लाख २५ हजार पौंडांना मँचेस्टरला आला. १२ वर्षे राहिला. ५२९ सामने खेळला. लीगची ७ विजेतेपदे. गोल किती? ३३. आणि तेही बरेचसे पेनल्टी आणि फ्री किकवरचे, म्हणजे सगळे उभे राहून बघत असताना शांतपणे पार पाडायचे काम. त्याचा मूळ पाय उजवा. तरी १९९१ साली उजव्या बाजूला दुसरा माणूस आला, तसा हा डावीकडे सरकला आणि बहुतेक कारकीर्द तिकडेच काढली. कुरकुर नाही, युनियनकडे तक्रार नाही. आमच्याकडे माणसाला क्लिअरिंगमधून पासबुक छापायला बसवले तरी तो आठ दिवस आजारी पडतो.

आता मुद्द्याचे बोलू. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, आणि कॉमर्सने मला एकच गोष्ट शिकवली: प्रत्येक नोंदीला व्हाउचर पाहिजे. गोल झाला की त्याचे व्हाउचर फाटते. मिनिट, नाव, कोणाच्या पासवर, सगळे त्यात. पण जो गोल झाला नाही त्याचे व्हाउचर कोण फाडतो? समोरच्या संघाचा विंगर चेंडू घेऊन येतो, अर्विन त्याच्यापुढे दीड हात जागा सोडून उभा राहतो, विंगर इकडे बघतो, तिकडे बघतो आणि मुकाट्याने चेंडू मागे देतो. संपले. टाळी नाही, शिट्टी नाही. जमाखर्चात काहीच घडले नाही. पण जे घडले नाही, त्यातच सगळे घडलेले असते.

भाचा म्हणतो, "मामा, यूट्यूबवर अर्विनचे हायलाइट्स दाखव की मग!" अरे बाबा, दाखवू काय? विंगर परत गेला हे तीन तास दाखवू? दारोड्यासाठी चोर आलेच नाहीत याचा सिनेमा कोणी काढत नाही. म्हणून रखवालदार भिकार होता असे ठरते का?

बरे, गोलकीपरचे तरी बरे असते. त्याला वेगळ्या रंगाचा शर्ट मिळतो, हातमोजे मिळतात, आणि तो पीटर श्मायकेल असला तर आपल्याच बचावफळीवर ओरडायचा जन्मसिद्ध हक्कही मिळतो. फुल बॅकला यातले काही नाही. ओरडा मात्र त्याने खायचा.

आता मेहुण्याचा लाडका काँटोना घेऊ. १९६७ नंतर युनायटेडने लीग जिंकली नव्हती. १९९२च्या नोव्हेंबरात काँटोना आला आणि १९९३ साली, २६ वर्षांनी, लीग आली. कॉलर वर, छाती पुढे, राजाच तो. हे सगळे मान्य. पण तो आला कसा, हे मेहुण्याला विचारा. लीड्सकडून युनायटेडला फोन आला होता. कशासाठी? डेनिस अर्विन विकता का, असे विचारायला! त्याच लीड्सकडून, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी त्याला फुकट वाटला होता. इकडून उत्तर गेले, "मुळीच नाही." आणि बोलता बोलता उलट विचारणा झाली की, तुमचा तो काँटोना देता का? थोड्याच दिवसांत तो सुमारे १२ लाख पौंडांना मँचेस्टरात दाखल. म्हणजे पाहा, लीड्सच्या शहाण्यांना हातातला काँटोना सुटला तर चालत होते, पण अर्विन हवा होता. ज्याने एकदा गमावला त्यालाच किंमत कळते. आमच्या मेहुण्याने कधी काही गमावलेले नाही. लग्नातली अंगठीसुद्धा अजून बोटात आहे.

आणि काँटोनाचा हिशेब करायचाच तर दोन्ही बाजूंनी करा. जानेवारी १९९५मध्ये सेलहर्स्ट पार्कवर लाल कार्ड मिळून बाहेर जाताना या राजाने प्रेक्षकांतल्या एका माणसाला उडी मारून लाथ घातली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी. त्या हंगामात युनायटेडची लीग एका गुणाने हुकली. ब्लॅकबर्न ८९, युनायटेड ८८. आमच्या काउंटरवरही रोज लाथ घालावीशी वाटणारी माणसे येतात. आम्ही काउंटरला काच बसवली आहे.

यावर लोन सेक्शनवाला म्हणतो, "सर, अर्विनलाही रेड कार्ड मिळालंय." मिळाले आहे. ५ मे १९९९, लिव्हरपूलच्या मैदानावर. गुन्हा काय? शिट्टी झाल्यावर चेंडू जरा पुढे ढकलला. दुसरे पिवळे कार्ड, बाहेर, आणि एफए कपची फायनलही गेली. ३३ वर्षांचा सज्जन माणूस तो! पण त्याच सामन्यात त्याने पेनल्टीवर गोलही केला होता, हे पोरगा सांगत नाही. सामना २–२ सुटला. त्या वर्षी लीग कितीने जिंकली? एका गुणाने. युनायटेड ७९, आर्सेनल ७८. तो गोल वजा करा. बरोबरीची हार होते आणि गुण ७८–७८. गोलफरक काढा, तोही समसमान, ४२ आणि ४२! मग एकूण गोल कोणाचे जास्त या तिसऱ्या कलमावर निकाल लागला असता, आणि तो युनायटेडच्याच बाजूने लागला असता, हे मी हिशेबाला धरून कबूल करतो. पण अशा ताळेबंदावर कोणता ऑडिटर शेरा मारल्याशिवाय सही करील?

त्याच महिन्यात बार्सिलोनाची फायनल. आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजता सुरू झाली. बायर्न म्युनिकने सहाव्या मिनिटाला गोल केला आणि शेवटच्या भरपाईच्या वेळात शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी दोन गोल करून कप आणला, हे पाळण्यातल्या पोरालाही पाठ आहे. त्या दोघांनी मिळून किती वेळ मैदानात काढला? शेरिंगहॅम दुसऱ्या अर्ध्यात आला, सोल्शायर तर अगदी शेवटी. अर्विन पहिल्यापासून शेवटपर्यंत डावीकडे उभा होता. लग्नात मुहूर्ताला येऊन अक्षता टाकणाऱ्याचे नाव आहेरात. मांडव घालणारा जेवला की नाही हे कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, इतका कळवळा कशासाठी? सांगतो. आमच्या शाखेत एक हेड कॅशिअर होते. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि दहा तारखेपासून आमच्या दारात जी रांग लागली ती थेट कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत. त्या दिवसांत कॅश कमी भरली तर कॅशिअरने खिशातून घालायची, आणि कित्येकांनी घातली. या गृहस्थांची कॅश ३० डिसेंबरपर्यंत एक दिवस, एक रुपयाने चुकली नाही. रात्री साडेनऊ-दहाला ते चष्मा पुसायचे, "जुळलं," एवढेच म्हणायचे आणि लोकल पकडायला निघायचे. २०१९ साली निवृत्त झाले. निरोपसमारंभाला वरून मोठे साहेब आले. शाल झाली, नारळ झाला. साहेब बोलायला उभे राहिले आणि अडकले. सांगणार काय? या माणसाच्या नावावर एकही प्रसंग नव्हता! अफरातफर नाही, चौकशी नाही, मेमो नाही. प्रसंग घडू नयेत म्हणून तर ते तिथे बसले होते. शेवटी साहेब दहा मिनिटे, विम्याच्या पॉलिसी विकून शाखेचे टार्गेट पुरे करणाऱ्या एका ऑफिसरबद्दल बोलले. आमचे कॅशिअर नारळ मांडीवर धरून ऐकत होते. मधून मधून मानही डोलावत होते.

तेव्हापासून मी कुठल्याही यादीचा पहिला क्रमांक खालून वाचतो.

बरे, हे फक्त मलाच वाटते असे नाही. ज्यांनी १९८६ ते २०१३ हा संघ चालवला त्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसनसाहेबांना एकदा त्यांचा सर्वोत्तम संघ विचारला. काँटोना, कीन, गिग्ज, स्कोल्स, रोनाल्डो, सगळे त्यांच्याच हाताखाली खेळलेले. साहेब म्हणाले, नक्की नाव एकच, डेनिस अर्विन. त्याला ते ‘दहापैकी आठ’ म्हणत. रोज आठ. कधी दहा नाही, पण कधी चारही नाही. त्याच्या एका चुकीच्या बॅक पासवर आर्सेनलचा गोल झाला तेव्हा वार्ताहरांनी टोचून विचारले, तर साहेबांचे म्हणणे असे की, दहा वर्षांत एक चूक, वाईट नाही! असा एक शेरा आमच्या कॅशिअरच्या सर्व्हिसबुकात पडला असता, तर मी स्वतः पेढे वाटले असते.

बाकीचे क्रमांक मी भराभर उरकतो. दुसरा बॉबी चार्लटन. ७५८ सामने, २४९ गोल. म्युनिकच्या विमान अपघातातून वाचला आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कप्तान म्हणून युरोपियन कप घेऊन आला. अंतिम सामन्यात स्वतःचे दोन गोल. या माणसाबद्दल विनोद सुचत नाही, आणि सुचला तरी करू नये. तिसरा गिग्ज, ९६३ सामने म्हणजे मस्टरवर तेवढ्या सह्या, मला आणखी पुरावा नको. जॉर्ज बेस्ट चौथा. भाच्याला हे पटत नाही. १९६८च्या बेस्टसारखा खेळाडू झाला नाही, हे मलाही कळते. पण नाव ‘बेस्ट’ असले की वेळेवर येण्याची खात्री नसते, हे मुंबईकराला मी काय सांगावे? १९७४ साली, वयाच्या २७व्या वर्षी तो युनायटेड सोडून गेला. रोनाल्डो आठवा. २००९ साली तो ८ कोटी पौंडांना माद्रिदला गेला तेव्हा मी त्याला पाचवा धरत होतो. २०२१मध्ये परत आला आणि दुसऱ्या वर्षी टीव्हीवर मुलाखत देऊन गेला, तेव्हा तीन पायऱ्या उतरवला. राजीनामा देताना टेबल आवरून जावे.

डंकन एडवर्ड्‌सला मी क्रमांकच देत नाही. म्युनिकच्या अपघातानंतर पंधरा दिवसांनी तो गेला, वय २१. ते खाते बंद न होता राहिलेले आहे. त्याची बेरीज करायचा अधिकार कोणालाच नाही, आणि जो त्याला ‘सहावा’ म्हणतो त्याच्या पंगतीला मी बसत नाही.

यावर मेहुण्याने गेल्या रविवारी पोह्यांची बशी बाजूला सारून विचारले, "म्हणजे तुमच्या मते अर्विन बेस्टपेक्षा चांगला खेळायचा?" मी म्हटले, चांगला खेळायचा असे मी कुठे म्हटले? संघाच्या उपयोगाचा कोण, हा प्रश्न आहे. बेस्ट नसता तर युनायटेडचे काही गोल कमी झाले असते आणि आपण ते मोजले असते. अर्विन नसता तर किती गोल बसले असते, ते मोजताच येत नाही. आणि ज्याचा आकडा मोजता येत नाही तो शून्य धरायचा, हे कुठल्या अकाउंटन्सीत बसते? मेहुणा आर्ट्‌सचा आहे. त्याने बशी परत ओढली.

लोन सेक्शनचा पोरगा मात्र डोळस आहे. परवा डबा खाताना त्याने तडजोड म्हणून अर्विनला आपल्या यादीत नववा क्रमांक द्यायची तयारी दाखवली. बेकहॅमच्या वर. मी म्हटले, "तोंडी नको, लिहून दे." त्याने पे-इन स्लिपच्या पाठीवर लिहून दिले, खाली तारीख घातली, सही केली. ती स्लिप माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आता वरचे आठच जण उरले.