डबा मोजू नका, वॉट मोजा!

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. भाषा चुकली तर पदरात घ्या, पण मुद्दा ऐकून घ्या.

मागच्या सेमिस्टरला आमच्या होस्टेलवर रूम चेकिंग झालं. नियमांचा कागद दारामागे चिकटवलेला असतोच : 'इस्त्री, किटली, रॉड, डेस्कटॉप कॉम्प्युटर इ. वापरण्यास सक्त मनाई.' त्या 'इ.'च्या आधीच्या दोन शब्दांनी माझा घात केला. माझा कॉम्प्युटर जेवणाच्या डब्याएवढा आहे. साडेपंधरा सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि आठ सेंटीमीटर उंच. तो ऑफिसात जमा झाला. शेजारच्या कॉटवर मैत्रिणीचा गेमिंग लॅपटॉप होता, त्याचा अडॅप्टर २३० वॉटचा. त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही, कारण तो 'लॅपटॉप'! माझ्या डब्याचा अडॅप्टर १२० वॉटचा. हसावं की रडावं?

नियम का केलाय ते मला कळतं. एका बोर्डवर आम्ही चौघी, त्यात मावळातला पाऊस, भिंतींना ओल. किटली साधारण १५०० वॉट घेते, रॉडही तेवढाच. म्हणजे एका किटलीत माझ्यासारखे बारा डबे चालतील. बंदी लोडवर हवी की खोक्याच्या नावावर?

आता तुम्ही विचाराल (बाबांनीही विचारलं होतं), सरळ लॅपटॉप का नाही घेतला? बाबांनी फीसाठी कर्ज काढलंय. चार वर्षांत दुसरं मशीन मिळणार नाही हे त्यांनी न सांगताही मला कळतं. लॅपटॉपमध्ये हल्ली बऱ्याचदा रॅमसुद्धा बोर्डावर सोल्डर केलेली असते, एक गेलं की सगळंच घेऊन बसा. डेस्कटॉपचा एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. मग मोठा टॉवर? आमच्या एका सिनियरने तो चादरीत गुंडाळून लोकलमधून आणला. कान्ह्याला गाडी थांबते न थांबते तोच सुटते. वडगाव ते कान्हे एवढ्या अंतरात त्याच्या बाजूच्या काचेचा चुरा झाला होता! माझा डबा सॅकमध्ये जातो. मॉनिटर इथेच ठेवायचा, सुट्टीत घरी टीव्हीला जोडायचा.

तर मी पार्ट्स निवडले ते १२० वॉट हा आकडा समोर ठेवून. केस आणि बोर्ड एकत्र मिळतो तो एएसरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० घेतला. त्यात वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला जागाच नाही आणि तेवढी पॉवरही नाही. म्हणून प्रोसेसर असा हवा की ग्राफिक्स त्याच्या पोटातच असेल : रायझन ५ ५६००जी, २०२१चा, सहा कोअर, ६५ वॉट. जुना आहे, मान्य. कमी सेटिंगवर व्हॅलोरंट छान चालतो, कंपायलर आणि अँड्रॉइड स्टुडिओ मुकाट्याने काम करतात. ज्यांना सायबरपंक थाटात खेळायचा आहे त्यांनी माझ्या नादी लागू नये. डीप लर्निंगचा प्रोजेक्ट असेल तर गूगल कोलॅब आहेच.

खरी मेख रॅममध्ये आहे. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. १६ जीबीची एकच पट्टी लावलीत तर खंडाळ्याच्या घाटात एकच लेन चालू असल्यासारखं होतं. ८-८च्या दोन लावल्या की दोन लेन, आणि गेम लगेच सुधारतो. १६ जीबीपेक्षा कमी मात्र नको. एम्युलेटर, ब्राउझर आणि ग्राफिक्स तिघंही त्यातच जेवणार. २०२५च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव असे भडकले की विचारू नका. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. (म्हणून इथे एकही किंमत लिहीत नाही, अंक छापून येईपर्यंत ती खोटी ठरेल.) पण या डब्याला लॅपटॉपचीच डीडीआर४ रॅम लागते! मामाचा बंद पडलेला लॅपटॉप माळ्यावर होता, एक पट्टी त्यातून काढली, दुसरी विकत घेतली. दोन्हींचा वेग वेगळा असेल तर दोन्ही कमी वेगाने चालतात, एवढंच. आधी घरातला माळा बघा, मग दुकान.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई घेतली, त्यात विशेष काही नाही.

कूलरला मात्र पट्टी घेऊन जा. मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेले होते. प्रोसेसरसोबत फुकट येणारा कूलर ५४ मिलिमीटर उंच, डब्यात जागा ४६ची. दुकानदार म्हणाला, "बसतो मॅडम, सगळे लावतात." मी कंपासमधली पट्टी काढली, तेव्हा त्याने आतून बुटका कूलर आणला! बायॉस या प्रोसेसरला चालणारं आहे का, हेही दुकानातच बघून घ्या, नाहीतर इथे येऊन काळ्या स्क्रीनकडे बघत बसाल. आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस लागतोच. वीज गेल्यावर प्रोग्रॅम सेव्ह करण्याइतका वेळ आरामात मिळतो.

आता डब्याचं काय झालं? चार दिवसांनी इलेक्ट्रिकलच्या लॅबमधून वॉटमीटर मागून आणला आणि ऑफिसात रेक्टर मॅडमसमोर लावला. नुसता चालू असताना १८ वॉट, गेम सुरू केल्यावर ८०-८५. मॅडमनी दोनदा वाकून आकडा बघितला. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे गं, पण गेम कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डबा परत मिळाला, पण सेमिस्टर संपेपर्यंतच. कागद दारामागे तसाच आहे.

मॅडम, सर, माझी विनंती एवढीच आहे. 'डेस्कटॉप कॉम्प्युटर' हे दोन शब्द खोडा आणि 'प्रत्येकी २५० वॉटपर्यंत' असं लिहा. मैत्रिणीचा लॅपटॉपही त्यात बसतो, तिच्याशी माझं भांडण नाही. मीटर लॅबमध्ये आहे, पेन मी आणते.