कपाशीतलं बीटी आणि भातातलं एडिटिंग: एकच आहे का?

४ मे २०२५ ला केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भाताच्या दोन जाती जाहीर केल्या, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १'. जीनोम एडिटिंगने तयार झालेल्या या देशातल्या पहिल्या जाती. आमच्या पाटोद्यात अशी बातमी पोचली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे बीटीच ना?"

नाही. मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. बीटी म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधलं फंक्शन उचलून आपल्यात पेस्ट करणं. मातीतल्या एका जिवाणूचा जीन कपाशीत टाकला आणि झाडच बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवायला लागलं. मार्च २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली, तीही आपल्या शेजारच्या जालन्याच्या महिकोच्या वाणांना. एडिटिंगमध्ये मात्र आपल्याच कोडची एखादी ओळ बदलायची. 'कमला'त सांबा मसुरी या जुन्या जातीचाच जीन बदललाय, बाहेरचा जीन त्यात नाही. अशा पिकांना केंद्राने मार्च २०२२ मध्ये जीएमच्या लांबलचक नियमांतून सूट दिली. उत्पादन १९ टक्के वाढतं हा संशोधकांचा दावा आहे. तो शेतात खरा ठरायचाय.

पण पाटोद्यात भात लावतो कोण? आपल्याकडे कापूस, सोयाबीन, तूर. त्यामुळे आपल्या कामाचा धडा कपाशीतच आहे.

२००६ मध्ये दोन जीनचं बोलगार्ड-२ आलं. गुलाबी बोंडअळीने तेही पचवलं आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडंच्या बोंडं पोखरली. पॅच आला की व्हायरस बदलतो, तसंच हे. उपाय माहीत होता: कडेने नॉन-बीटीच्या ओळी लावायच्या, म्हणजे तिथल्या साध्या अळ्या टिकतात आणि पतंगांच्या संकरातून प्रतिकारशक्ती पातळ होते. बियाण्यासोबत त्याची वेगळी पुडी यायची, ती बहुतेकांनी लावलीच नाही. वर फरदड घेतली, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवण. सगळा दोष शेतकऱ्यावर ढकलणं मला पटत नाही. दोन एकरवाल्याला "चार ओळी अळीसाठी सोड" म्हणणं सोपं आहे हो!

आणि आपली बीटी कपाशी जवळपास सगळी संकरित. घरची सरकी पेरली तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी नवं पाकीट घ्यायचं. २०२५ मध्ये ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत होती ९०१ रुपये. सरळ सबस्क्रिप्शनच की! ते दोन भात मात्र सरळ वाण आहेत, त्यांचं बी घरी राखता येतं. अर्थात क्रिस्पर या एडिटिंगच्या कात्रीचे मूळ पेटंट अमेरिका-युरोपातल्या संस्थांकडे आहेत, तो हिशोब वेगळाच.

उद्या एडिट केलेल्या कपाशीची बातमी आली तर मी जीनचं नाव नंतर वाचेन. आधी बघेन, वाण सरळ आहे की संकरित, आणि किती दिवसांत शेत मोकळं होतं.